तुम्ही विचारलंत म्हणून: रस्टमध्ये ड्रॉपची टेस्ट कशाला?

रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकणारी मंडळी मला हमखास विचारतात: कंपायलर एवढा कडक आहे, मग स्ट्रक्टचा (एकत्र बांधलेल्या फील्डचा) मेमरीतला आकार आणि ड्रॉपचा (व्हॅल्यू संपताना होणाऱ्या आवराआवरीचा) क्रम तपासणाऱ्या टेस्ट कशाला लिहिता?

कारण ती टेस्ट नव्हती म्हणून माझे एकदा दोन दिवस गेले. स्ट्रक्टमध्ये दोन फील्ड होती: वर चॅनेलचा सेंडर (थ्रेडला निरोप पाठवणारं टोक), खाली वर्कर (तो थ्रेड, म्हणजे समांतर चालणारं काम, सांभाळणारा). वर्कर ड्रॉप होताना आपला थ्रेड जॉइन करायचा, म्हणजे थ्रेड संपेपर्यंत थांबायचा. आणि थ्रेड संपणार सेंडर गेल्यावर. सी भाषेत मोठी फील्ड वर ठेवून जागा वाचवायची माझी जुनी सवय. त्या ओघात मी वर्कर वर नेला. एकही वॉर्निंग आली नाही. प्रोग्रॅम मात्र बंद करायला गेलं की लटकायचा.

फंक्शनमधली लोकल व्हेरिएबल उलट्या क्रमाने ड्रॉप होतात, शेवटचं आधी. स्ट्रक्टची फील्ड मात्र लिहिली तशी, वरून खाली. म्हणजे वर्कर थ्रेडसाठी थांबला, थ्रेड सेंडरसाठी, आणि सेंडरची पाळी वर्करनंतर.

बरं, जागा तरी वाचली का? नाही. यू8, यू32, यू8 (1, 4 आणि 1 बाइटांची) अशी तीन फील्ड घ्या. रेप्र(सी) (सीसारखी मांडणी ठेव, अशी सूचना) लावलं तर 12 बाइट: एक बाइट, तीन रिकामे, मग चार, मग एक, पुन्हा तीन रिकामे. ते काढा, आजचा कंपायलर स्वतःच फील्ड हलवून 8 बाइटांत बसवतो. तुमचा क्रम मेमरीसाठी तो मानत नाही, ड्रॉपसाठी मात्र काटेकोर पाळतो. हे मला आधी कळायला हवं होतं.

आता माझी टेस्ट तो स्ट्रक्ट वेगळ्या थ्रेडवर बनवून ड्रॉप करते. 2 सेकंदांत झाल्याचा निरोप आला नाही तर नापास. नेमका आकार मी फक्त रेप्र(सी) टाइपसाठी तपासतो. साध्या स्ट्रक्टच्या मांडणीची हमी नाही, म्हणून तिथे फक्त कमाल मर्यादा. ऑप्शन<बॉक्स<टी>> (बॉक्स, म्हणजे हीपवरच्या व्हॅल्यूचा पॉइंटर, असेल किंवा नसेल) हा बॉक्सएवढाच राहतो याची मात्र हमी आहे, साइज्ड (आकार कंपाइल करतानाच ठरलेल्या) टाइपसाठी.

आणि गार्ड (ड्रॉप होताना काहीतरी आवरणारी व्हॅल्यू) असेल तर लेट _ असं लिहू नका, नाव द्या, _गार्ड चालेल. फंक्शनने परत दिलेला गार्ड नुसत्या _ मध्ये घेतला की त्याच ओळीत ड्रॉप होतो. तात्पुरतं फोल्डर पुसणारा गार्ड असा घेतलात, तर पुढच्या ओळीला फोल्डरच सापडत नाही.