उजनीच्या फुगवट्यावर मरळ आणि बाससाठी बनवलेले साहित्य

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी पहाटे चार वाजता हडपसर सोडले आणि सोलापूर महामार्गाने यवत व पाटस मागे टाकीत उजाडण्यापूर्वी भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर पोहोचलो. पुण्याहून हे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. धरण सोलापूर जिल्ह्यात असले तरी भीमेचे अडलेले पाणी पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यापर्यंत मागे पसरते आणि या दिवसांत ते सतत उतरत असल्यामुळे मागच्या खेपेची जागा पुढच्या खेपेस उपयोगी पडेलच असे नाही. कडक उन्हाळ्यात पाणी फार आटले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. तशी वेळ अद्याप आली नव्हती. मात्र काठालगत बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आले होते आणि त्यांच्यात जलपर्णीचे पुंजके अडकून राहिले होते. मरळ अशाच जागी दबा धरून असते.

माझ्याजवळचे सारे साहित्य मूळचे बास माशासाठी बनवलेले होते. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. आपल्या मरळीचा तो नातेवाईक नव्हे, परंतु पाणवनस्पतींच्या आडोशाला थांबून जवळून जाणाऱ्या बेडकावर वा लहान माशावर एकदम झडप घालण्याची दोघांची रीत सारखीच आहे. बासचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये जॉर्जियात नोंदवला, तो २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे साधारण १० किलोचा. इतक्याच वजनाच्या माशासाठी दाट वनस्पतींत तेथील लोक ५० पौंडांहून अधिक ताण सोसणारा दोर का वापरतात, हा प्रश्न मला दुकानात उभे असतानाच पडायला हवा होता. तो पडला नाही आणि त्याची किंमत सकाळी सव्वासातला मोजावी लागली.

काठी सात फुटांची, मध्यम-जड ताकदीची आणि फक्त शेंड्याकडे वाकणारी निवडली होती, ती योग्यच ठरली. रीळ मात्र तीन हजार आकाराचे साधे स्पिनिंग, म्हणजे फेकताना दोराची चकती स्थिर राहणारे, ठेवले. बेटकास्टिंग रीळ, म्हणजे फेकताना दोराची चकती स्वतः फिरणारे आणि ती अंगठ्याने आवरावी लागणारे, जलपर्णीतून मासा ओढण्यास अधिक चांगले, हे खरे. परंतु त्यावरचा अंगठा सवयीचा नसेल तर फेकीच्या शेवटी चकती दोरापेक्षा वेगाने फिरते आणि पाखराच्या घरट्यासारखा गुंता होतो. नवख्याने तो सराव आधी घराजवळच्या मोकळ्या मैदानात करावा, धरणावर नव्हे.

चूक झाली ती दोराची. रिळासोबत दुकानदाराने भरून दिलेला १० पौंडांचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोर, मी तसाच ठेवला होता. पहिलीच चांगली मरळ गळाला लागली, तिने पुंजक्याखाली मुसंडी मारली, ताणला गेलेला तंगूस बाभळीच्या काट्यांवर घासला आणि तुटला. होडीतले भोई काका इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, “ह्या दोऱ्यानं फुलं ओवा, साहेब.” त्यानंतर पिशवीत पडून असलेली ४० पौंडांच्या ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेल्या, दोराची चकती चढवली. हा दोर ताणला जात नाही, त्यामुळे २० मीटरवरूनही झटक्याची ताकद थेट गळापर्यंत पोहोचते आणि जलपर्णीचे मऊ देठ तो कापत जातो. मात्र चकतीच्या गुळगुळीत धातूवर तो घसरतो, म्हणून तळाशी आठ-दहा वेढे तंगुसाचे द्यावेत. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोर सुटू देणारा रिळाचा ब्रेक, दोराच्या ताकदीच्या सुमारे एक चतुर्थांशावर बसवण्याचा नियम मोकळ्या पाण्यात चालतो. जलपर्णीत तो याहून घट्ट हवा, कारण मासा दोन हात जरी आत शिरला तरी पुढे आपण मासा नव्हे, गवत ओढत असतो. थोडक्यात, दोराची जाडी माशाच्या वजनावरून नव्हे, तर माशाच्या आणि आपल्या मध्ये जे काही उभे आहे त्यावरून ठरवावी.

आमिष म्हणून पोकळ रबरी बेडूक वापरला. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो पुंजक्यांवरून न अडकता सरकतो. पाणी हिरवट गढूळ असल्याने काळा रंग निवडला. खालून पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या उजेडावर त्याची आकृती ठळक दिसते. मरळीला हवेतून श्वास घेण्यासाठी अधूनमधून वर यावेच लागते आणि तो बुडबुडा दिसला की त्याच्या दोन-तीन हात पुढे बेडूक टाकून हलके झटके देत आणायचा. पाणी फुटताच हात आपोआप वर जातो. तो आवरणे हाच सर्वांत अवघड भाग. काठीचे टोक खाली करून एक-दोन क्षण थांबावे, दोर जड लागला की मगच जोरात ओढावे. चार फटक्यांपैकी तीन मी घाईने घालवले, चौथ्याला दीड किलोची मरळ होडीत आली.

तोंडात दात असल्याने गळ बोटांनी काढू नये, लांब चोचीचा पक्कड जवळ ठेवावा. गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाकल्यास मासा सोडणेही सोपे जाते. पावसाळ्यात पिलांच्या लालसर थव्याभोवती राखण करणारी जोडी सहज फसते; तिच्यावर बेडूक टाकणाऱ्यांचे मला कौतुक नाही.

धरणांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जातात, म्हणून काठी उघडण्याआधी काठावर चौकशी करून परवानगी घ्यावी आणि स्थानिकांच्या जाळ्यांपासून दूर राहावे. तुटलेला दोर पाण्यात सोडू नये. येथे हिवाळ्यापासून रोहित पक्षी उतरतात आणि ब्रेडेड दोर पायाला गुंडाळला गेला तर सुटत नाही. ग्रॅफाइटच्या काठीतून वीज वाहते, त्यामुळे काठालगतच्या तारांखाली ती उभी धरू नये. साडेनऊनंतर वारा सुटला, बेडूक लाटांवर नीट चालेना, आणि आम्ही काकांचे होडीचे पैसे देऊन परत फिरलो.