उंचवटा नसलेली गाडी

आमच्या प्रीमियर पद्मिनीत मागच्या सीटवर मधोमध बसण्याचा मान, मी धाकटा असल्यामुळे, कायम माझ्याकडे असे. मान कसला, शिक्षाच ती. कारण नेमका तिथेच गाडीच्या तळाला एक लांबट उंचवटा होता आणि पाय त्याच्या अल्याड ठेवले तर ताईच्या चपला तुडवल्या जात, पल्याड ठेवले तर आजीचा डबा कलंडे. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा शाफ्ट त्याखालून फिरतो, असे बाबांनी सांगितले, तेव्हापासून गाडी म्हटली की उंचवटा आलाच, अशी माझी समजूत झाली होती.

पुढे नोकरीनिमित्त अमेरिकेत इंडियाना राज्यात आलो आणि एका शनिवारी ऑबर्न या लहानशा गावातले ऑबर्न कॉर्ड ड्यूझेनबर्ग संग्रहालय पाहायला गेलो. ऑबर्न कंपनीने १९३० साली शोरूम म्हणून बांधलेली ती इमारत आहे. तिथे ऑबर्न कंपनीनेच काढलेली १९३६ सालची कॉर्ड ८१० ही मोटार उभी होती. लोक तिच्या पुढच्या भागाचे फोटो काढत होते. मी मात्र जुन्या सवयीने मागच्या काचेतून आत डोकावलो. तळ सपाट होता.

या गाडीवरचे माझे प्रेम त्या क्षणापासूनचे आहे आणि ते अजून उतरलेले नाही. तिचे इंजिन पुढच्या चाकांना फिरवते, त्यामुळे मागे शाफ्ट नेण्याची गरजच उरत नाही. शाफ्ट नाही म्हणून तळ खाली आणता आला, तळ खाली आला म्हणून चढायला फूटबोर्ड लागला नाही, आणि फूटबोर्ड गेल्यामुळे आरेखनकार गॉर्डन ब्यूरिग यांना बाजूंची रेषा अशी अखंड ओढता आली, की तिच्याशेजारी त्या काळातल्या इतर गाड्या टांग्याच्या चुलतबहिणी वाटाव्यात. बैलगाडीतही ओढणारे आणि वळवणारे बैल पुढेच असतात, तेव्हा कल्पना काही नवी नव्हती. याच कंपनीच्या १९२९ सालच्या एल-२९ मध्ये ती आधी वापरून झाली होती. पण एल-२९चे लांबलचक आठ सिलिंडरांचे इंजिन पुढच्या चाकांच्या बरेच मागे बसे आणि निसरड्या चढावर त्या चाकांना पुरेसा भार मिळत नसे. ८१० मध्ये आखूड व्ही-८ इंजिन आले आणि ती खोट बरीचशी भरून निघाली.

बोनेटच्या बोथट, चौकोनी आकारामुळे तिकडच्या लोकांनी या गाडीला शवपेटीच्या नाकाची म्हणून नाव ठेवले. मला हे अजिबात पटत नाही. जाळीऐवजी नाकाभोवती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेल्या त्या आडव्या पट्ट्या पाहिल्या, की मला हार्मोनियमचा भाता आठवतो. पेटीच म्हणायची तर ती म्हणावी. हेडलाइट मात्र दिसत नाहीत, कारण ते मडगार्डांच्या पोटात दडलेले असतात. विमानाच्या उतरण्याच्या दिव्यांवरून घेतलेली ही युक्ती होती, आणि दिवे बाहेर काढण्यासाठी डॅशबोर्डच्या दोन टोकांना एकेक हँडल दिलेले होते. म्हणजे अंधार पडला, की चालवणाऱ्याने आपल्या बाजूचे हँडल फिरवायचे आणि शेजारी बसलेल्याने आपल्या बाजूचे. शेजारी रुसून बसलेला असला, तर बहुधा एका डोळ्याने प्रवास करावा लागत असेल!

एवढ्या नवलाईची किंमतही मोजावी लागली. नोव्हेंबर १९३५ मधल्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी गाड्या घाईघाईने हातांनी जोडल्या गेल्या आणि त्यांत गिअरबॉक्सच नव्हते. नाताळपर्यंत गाडी देण्याचे वचन पाळता आले नाही, तेव्हा ताटकळलेल्या ग्राहकांना गाडीची छोटी ब्राँझची प्रतिकृती पाठवण्यात आली. गणपतीची ऑर्डर द्यावी आणि चतुर्थीला मूर्तीचा फोटो यावा, तशातलाच हा प्रकार. गिअरची रचना तर फारच देखणी होती: स्टिअरिंगजवळच्या बोटभर दांडीने पुढचा गिअर आधीच निवडून ठेवायचा आणि क्लच दाबला की वीज आणि निर्वात दाब मिळून तो बदलायचे. पण गिअर निसटत, इंजिन तापे, इंधनाची वाफ होऊन गाडी वाटेतच थांबे. १९३७ साली, हवे असल्यास सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) घालून मिळणारी ८१२ आली खरी, पण त्याच वर्षी उत्पादन संपले. दोन्ही मिळून तीन हजारही गाड्या झाल्या नाहीत. १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने कलाकृती म्हणून ज्या आठ गाड्या मांडल्या, त्यांत एक कॉर्ड होती, हे वाचून मला घरच्या मुलीचे नाव बोर्डात झळकल्यासारखा आनंद झाला.

एक गोष्ट तेवढी मनाला लागते. कंपनी बुडाल्यावर सांगाड्याचे साचे विकले गेले आणि हप आणि ग्रॅहम या कंपन्यांनी १९४० च्या सुमारास त्यांतून आपापल्या गाड्या काढल्या. दारे आणि छप्पर कॉर्डचे, पण फिरवायची मागची चाके. शाफ्ट परत आला म्हणजे त्याला जागाही द्यावी लागली असणार, आणि त्या जागेच्या दोन बाजूंना पाय टाकून मधोमध कोणी तरी धाकटे बसत असणार.