गॅलरी तपासायची ती वरून

गॅलरीचा स्लॅब घरातल्या स्लॅबसारखा वागत नाही आणि इमारतीच्या मजबुतीच्या (स्ट्रक्चरल) बऱ्याच ऑडिट रिपोर्टांत नेमकी हीच गोष्ट सुटलेली असते. खोलीचा स्लॅब चारी बाजूंनी बीमवर बसतो. वजनाने पडणारी ओढ (ताण) तळाला येते, म्हणून मुख्य सळ्याही तळाला असतात. पुढे झुकलेली गॅलरी मात्र एकाच बाजूने धरलेली असते. तिथे ओढ वरच्या अंगाला येते, सगळ्यात जास्त भिंतीलगत, मुळाशी. त्यामुळे मुख्य सळ्या वरून जातात. कंपाउंडमध्ये उभे राहून मान वर केली की तळाच्या खपल्या दिसतात, त्यांचे फोटो निघतात आणि रिपोर्ट भरतो. गॅलरी तोलून धरणारे लोखंड मात्र फरशीखाली असते आणि त्याला कोणी हात लावत नाही.

खपल्या किरकोळ आहेत असे नाही. चौथ्या मजल्यावरून पडलेला वीतभर तुकडाही जीव घेतो. जुलै २०२४ मध्ये ग्रँट रोड स्थानकाजवळच्या एका जुन्या इमारतीच्या गॅलरीचा भाग कोसळला आणि एका वृद्ध महिलेचा मृत्यू झाला. पण खपली आधी इशारा देते. मुळाशी गंजलेली सळई फारसा इशारा देत नाही, थेट तुटते.

बिघाडाची सुरुवात बहुधा बांधकामाच्या दिवशीच होते. स्लॅब भरताना मजूर जाळीवर चालतात, वरच्या सळ्या उचलून धरणाऱ्या ‘खुर्च्या’ (वाकवलेले सळईचे तुकडे) कमी बांधलेल्या असतात आणि वरच्या सळ्या खाली दबतात. १२५ मिमी जाडीच्या स्लॅबमध्ये सळई ४० मिमी खाली गेली, तर ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटते आणि बाहेरून काही कळत नाही. मग पुढची पंचवीस-तीस वर्षे फरशीच्या सांध्यांतून पाणी मुरते. कुंड्यांखालची जागा कधीच वाळत नाही. समुद्राची खारी हवा असतेच. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, मागते; जुन्या गॅलऱ्यांत १५ मिमी सापडले तरी नशीब. गंज मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते.

त्यावर आपण वजन चढवतो. घराच्या गॅलरीसाठी इमारतींवरच्या भारांचे मानक आयएस ८७५ दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरायला सांगते आणि बाहेरच्या कडेला दर मीटर लांबीला १५० किलो. आता ‘गॅलरी आत घेतली’ म्हणजे काय केले ते बघा. कडेवर साडेचार इंची विटांची भिंत छतापर्यंत चढली, तर गिलाव्यासकट दर मीटरला ८०० किलोच्या आसपास वजन होते. खोलीची आणि गॅलरीची पातळी एक करायला मधला उतार विटांच्या तुकड्यांनी भरला, वर नवी फरशी टाकली. जुनी फरशी उखडलीच नाही, कारण उखडायला पैसे लागतात. वर बॉक्स ग्रिल, त्यात कुंड्या, शेवटी कपडे धुण्याचे मशीन. ऑडिट करताना प्रत्येक घरात शिरून हे मोजायला हवे. ‘सदनिका बंद होती’ असा शेरा दहा-बारा घरांपुढे असेल, तर तो रिपोर्ट परत पाठवावा, फी द्यायची घाई करू नये.

तपासणी खरी कशी होते, ते सांगतो. आधी रस्त्यावरून एका रांगेतल्या सगळ्या गॅलऱ्यांच्या कडा एका नजरेत धरायच्या. एखादी कड बाकीच्यांपेक्षा खाली गेली असेल तर तिची वेगळी नोंद. मग घरात जाऊन भिंतीलगतच्या फरशीवर लाकडी मुठीने ठोकत जायचे. बद्द आवाज येणारी, उचललेली, किंवा भिंतीला समांतर लांब तडा गेलेली रांग दिसली, तर तिथली फरशी काढायचीच. तशी दिसली नाही तरी प्रत्येक उभ्या रांगेतल्या निदान एका गॅलरीत मुळाशी दोन ठिकाणी काढावी: एक मध्यभागी आणि एक पावसाच्या पाइपाच्या कोपऱ्यात. खालचा माल खरवडून स्लॅबचा पृष्ठभाग ब्रशने साफ केला की भिंतीला समांतर भेग दिसते. ०.३ मिमीपेक्षा रुंद भेग असेल तर पुढच्या चाचण्या टाळू नयेत. भेग जिवंत आहे की जुनीच, हे पाहायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवून वर तारीख लिहितात. पट्टी तडकली, तर स्लॅब हलतो आहे.

त्याच जागी कव्हर मीटरने सळईची खोली बघायची आणि तळहाताएवढा खड्डा करून एक सळई उघडी करायची. व्हर्नियरने जाडी मोजायची. मूळ १० मिमीची सळई ८.५ मिमी भरली, तर तिचे क्षेत्रफळ २५ टक्क्यांहून जास्त गेले आहे. जाडीतली दीड मिमीची घट फसवी दिसते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाचे द्रावण मारले आणि रंग गुलाबी झाला नाही, तर लोखंडाला गंजापासून जपणारा काँक्रीटचा अल्कधर्मीपणा संपला आहे आणि लोखंड उघड्यावर आल्यासारखेच आहे. सळईचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली आकडे आले, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर असते. नुसता रिबाउंड हॅमर मारून गॅलरी पास करणारा अहवाल मी तरी मोजत नाही. हा हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो, सळईबद्दल चकार शब्द काढत नाही.

रेलिंग पाच मिनिटांचे काम आहे. खांब फरशीत शिरतो तिथेच तो सडतो, रंग वरून छान असतो. खांबाच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघावा. फरशीचे थर चढल्याने उंची मीटरच्या खाली आली असेल, तर ती वाढवावी. गजांमधली फट १०० मिमीपेक्षा जास्त नको. समुद्राजवळ २०२ ग्रेडचे स्टील लवकर डागाळते. ३१६ महाग पडते, पण टिकते.

गॅलरी संशयास्पद ठरली तर आधी टेकू. इथे एक घोळ नेहमी होतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला टेकू द्यायचा म्हणून प्रॉप (टेकूचे उभे खांब) दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीवर उभे करतात, म्हणजे वरचे ओझे खालच्या तितक्याच थकलेल्या स्लॅबवर. प्रॉप एकाखाली एक असे थेट जमिनीपर्यंत जायला हवेत, खाली फळी टाकून. टेकू लागल्याशिवाय फोडकाम सुरू करू देऊ नये.

दुरुस्तीत गंजलेल्या सळईच्या मागूनही २० ते २५ मिमी काँक्रीट काढावे लागते, नाहीतर मागची बाजू गंजतच राहते. तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत साफ करायचे, मग जस्तयुक्त प्रायमर, जुन्याला नवे चिकटवणारा बाँडिंग कोट आणि पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल (पॉलिमर मॉर्टर) १०-१५ मिमीच्या थरांनी. वरच्या सळ्यांचे क्षेत्रफळ पाचव्या भागाहून जास्त गेले असेल, तर नवी सळई लागते आणि ती खोलीच्या स्लॅबमध्ये पुरेशी आत न्यावी लागते. म्हणजे खोलीतली फरशीही फुटणार. सभासद इथेच अडून बसतात आणि कंत्राटदार खुशीने नुसता मॉर्टर थापून मोकळा होतो. मॉर्टरचे बिल चौरस मीटरवर निघते, म्हणून झाकण्याआधी सोसायटीच्या माणसाने फोटोसकट संयुक्त मोजमाप घ्यावे.

कायद्याचे थोडक्यात. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ बी नुसार ३० वर्षांवरच्या इमारतीला नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते. सोसायट्यांचे आदर्श उपविधी याहून कडक आहेत: १५ ते ३० वर्षे वयाला दर पाच वर्षांनी ऑडिट, त्यापुढे दर तीन वर्षांनी. गॅलरीचा स्लॅब इमारतीच्या सांगाड्याचा भाग असल्याने त्याची दुरुस्ती सोसायटीने करायची.

वेळ मात्र मे महिन्याची नको. ऑडिट ऑक्टोबरात करावे, तेव्हा पावसाची ओल अजून ताजी दिसते. दिवाळीनंतर टेंडर काढले, तर फोडकाम, मॉर्टरला पाणी मारणे, वॉटरप्रूफिंग आणि फरशी हे सगळे एप्रिलपर्यंत उरकते. मे महिन्यात उघडलेली गॅलरी जूनमध्ये उघडीच राहते, आणि पावसात भिजलेल्या सळईवर प्रायमर मारून काही उपयोग नसतो.