हात वर केलेला कैदी

हनोईत काय बघायचं असं विचारलंत तर कोणीही सांगेल: हो ची मिन्हची समाधी, जुन्या पेठेतली अंड्याची कॉफी आणि घरांना घासून आगगाडी जाते ती गल्ली. ते सगळं आम्ही उरकलं. गल्लीबद्दल एवढंच सांगतो की तिथे गाडीपेक्षा सेल्फीवाल्यांच्या कोपरांची भीती जास्त. कॉफी मात्र झकास.

मला लिहायचंय ते ट्रुक बाक तलावाच्या काठावरच्या एका दगडाबद्दल. थान्ह निएन रस्त्याच्या एका बाजूला मोठा पश्चिम तलाव आणि दुसऱ्या बाजूला हा धाकटा. फेब्रुवारीतली भुरभुर चालू होती, स्कूटरींचा लोंढा काही थांबत नव्हता आणि बरोबर आमचे मामा. मामा जन्मभर बँकेच्या युनियनमध्ये. साठच्या दशकात व्हिएतनामच्या बाजूने घोषणा दिलेला माणूस. त्यांना पाहायचा होता अमेरिकेला हरवणारा देश आणि मला पाहायचं होतं जॉन मॅककेनचं, म्हणजे इथे पकडल्या गेलेल्या आणि पुढे सिनेटर झालेल्या अमेरिकन वैमानिकाचं स्मारक. एकाच सहलीत दोन्ही बसतात, पण नीट बसत नाहीत.

स्मारक शोधावं लागतं. फुटपाथला लागून, राखाडी दगडात कोरलेला एक माणूस: मान खाली, दोन्ही हात वर. बाजूला मजकूर, की २६ ऑक्टोबर १९६७ रोजी या तलावात राजधानीच्या सैन्याने आणि जनतेने जॉन मॅककेन या वैमानिकाला जिवंत पकडलं. त्या दिवशी पाडलेल्या दहा विमानांपैकी त्याचं एक, हेही लिहिलंय. मूळ स्मारकावर अमेरिकन हवाई दलाची अक्षरं होती. माणूस नौदलाचा! ओरिस्कनी या विमानवाहू जहाजावरून तो ए-४ स्कायहॉक घेऊन उडाला होता. उत्तर व्हिएतनामवरची त्याची ती तेविसावी मोहीम आणि लक्ष्य याच तलावाजवळचं वीजकेंद्र.

मी त्या दगडापुढे बराच वेळ उभा राहिलो ते हातांमुळे. विमानातून बाहेर फेकला गेला तेव्हाच मॅककेनचे दोन्ही हात आणि एक पाय मोडला होता. तो पाण्यात बुडत होता. लोकांनी बाहेर ओढल्यावर जमावाने मारलं, बंदुकीच्या दस्त्याने खांदा फोडला, संगीन खुपसली. हाडं कधी धड जुळलीच नाहीत. पुढे आयुष्यभर त्याला हात खांद्याच्या वर नेता येत नव्हते, केसही स्वतःचे स्वतःला विंचरता येत नसत. आणि इथे दगडात मात्र दोन्ही हात सरळ आभाळाकडे. शिल्पकाराला शरणागती दाखवायची होती, ते कळतं. पण त्या दिवशी तलावातल्या कुणाला जे जमलंच नसतं, नेमकं तेच कोरून ठेवलंय.

मामा म्हणाले, "अरे, तो बॉम्ब टाकायला आला होता, पेढे वाटायला नाही." मी गप्प बसलो, कारण म्हणणं खरं आहे. खाली शहर होतं, शहरात माणसं होती. आणि त्यांच्यातल्याच एकाने, माई व्हॅन ऑनने, पाण्यात उडी मारून या वैमानिकाला बाहेर काढलं. १९९६ मध्ये दोघांची भेट झाली, तेव्हा मॅककेनने त्याला अमेरिकन सिनेटच्या बोधचिन्हाची एक छोटी भेटवस्तू दिली. जीव वाचवल्याबद्दल सरकारी छापाची वस्तू! पुढारी शेवटी पुढारीच.

तिथून ह्वा लो तुरुंगात गेलो. अमेरिकन कैदी त्याला थट्टेने 'हनोई हिल्टन' म्हणत. फ्रेंचांनी १८९६ मध्ये बांधलेल्या या तुरुंगाचा बहुतेक भाग पाडून तिथे उंच इमारती झाल्या. उरलेल्या भागात संग्रहालय आहे. त्यात बहुतेक जागा फ्रेंचांच्या अत्याचारांना: पायखोडे, अंधारकोठड्या, गिलोटिन. मामा तिथून हलेनात, आणि मला घाई करावीशी वाटली नाही. अमेरिकनांच्या वाट्याला शेवटच्या खोल्या. तिथे भिंतीवर हसरे वैमानिक: व्हॉलीबॉल खेळताहेत, नाताळचं झाड सजवताहेत. काचेआड मॅककेनचा म्हणून एक उड्डाणपोशाख. भिंत बघून वाटावं, हे लोक इथे हवापालटाला आले होते. मला राग आला तो याचा.

कारण जे भिंतीवर नाही तेच खरं आहे. मॅककेनचे वडील अॅडमिरल. जुलै १९६८ मध्ये ते पॅसिफिकमधल्या साऱ्या अमेरिकन फौजांचे प्रमुख झाले आणि त्याच सुमारास मुलाला सुटकेचा प्रस्ताव आला. साहेबांच्या मुलाला आधी सोडलं, असा प्रचार करायला ते सोयीचं होतं. याने नकार दिला: जे आधी पकडले गेले ते आधी सुटतील. मग हाल. त्याच वर्षी मार सहन न होऊन त्याने कबुलीजबाबावर सही केली आणि पुढे ती गोष्ट लपवली नाही. सुटका १४ मार्च १९७३ ला, साडेपाच वर्षांनी. त्यातली दोनएक वर्षं एकांतकोठडीत. २०१५ मध्ये याच मॅककेनबद्दल ट्रम्प म्हणाले होते, पकडले न गेलेले लोक मला आवडतात. स्वतः टाचेच्या हाडाच्या दाखल्यावर लष्करभरती टाळलेल्या माणसाने हे म्हणावं!

बाहेर आल्यावर मामांनी आपला हुकमाचा पत्ता काढला. फ्रेंचांच्या काळात दो मुओईही याच तुरुंगात होते आणि १९४५ मध्ये इथूनच पळाले. पुढे ते व्हिएतनामच्या कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले. १९९५ मध्ये दोन देशांचे राजनैतिक संबंध जुळले तेव्हा पक्षाची सूत्रं त्यांच्याच हातात होती. आणि अमेरिकेत त्यासाठी सिनेटमध्ये झटणाऱ्यांत ठळक नाव मॅककेनचं. म्हणजे ह्वा लोचे दोन माजी कैदी, दोन बाजूंना. हे मला ठाऊक नव्हतं. मामांचा चेहरा युनियनची निवडणूक जिंकल्यासारखा झाला.

ऑगस्ट २०१८ मध्ये मॅककेन गेला तेव्हा हनोईकरांनी त्याच दगडापाशी फुलं वाहिली. ज्या स्मारकावर त्याला कैदी म्हणून कोरलंय, तिथेच! मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मोठी माणसं आहेत ही." कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मी व्हिएतनामी लोक असं धरलं, पण संध्याकाळी फो कुऑन खाताना कळलं की त्यांना दोघंही म्हणायचे होते. तरी "बॉम्ब टाकलेच ना?" हे पालुपद सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हा लाँग बेच्या बोटीवरही वाद तोच. गार भात, बाहेर धुकं, कर्कश कॅराओके आणि अर्धी बोट मुंबई-पुण्याची. त्या सहलीचं वर्णन एवढंच. वाद मात्र चांगला रंगला, शेजारच्या टेबलावरचे डोंबिवलीचे काकाही त्यात उतरले.