आमच्या आळीतल्या शेवटच्या नळाचं पाणी

गेल्या जुलैची गोष्ट. नणंद बाळंतपणाला आलेली होती. बाळ अडीच महिन्यांचं. अंगावरचं दूध पुरत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी वरचं पावडरचं दूध सुरू करायला सांगितलेलं. पाऊस सुरू झाला आणि त्याच आठवड्यात आमच्या आळीत जुलाब-उलट्यांची साथ आली. आधी दोन घरं, मग चार, मग नऊ. आशाताई ओआरएसची पाकिटं वाटत होत्या, "वहिनी, पाणी उकळूनच द्या हो बाळाला" असं दारात थांबून सांगत होत्या. मी उकळतच होते. चांगलं वीस-वीस मिनिटं.

वरच्या आळीत मात्र कुणीच आजारी नव्हतं. टाकी एकच, विहीर एकच, मग हे असं कसं? ते काही माझ्या डोक्यातून जाईना.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देतात. आमच्या गावात त्या पाचांत मी होते. प्रशिक्षण झालं, फोटो निघाले आणि तपासणीची पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात जाऊन बसली. दोन वर्षं मीही विचारलं नाही, याची मला खंत आहे. त्या दिवशी जाऊन पेटी मागून घेतली.

सगळ्यात सोपी असते ती ओटी टेस्ट. नळीत पाणी घ्यायचं, ओटी नावाच्या औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो. टाकीखालच्या नळाला फिकट पिवळा आला. आमच्या आळीतल्या शेवटच्या नळाला काहीच नाही, पाणी होतं तसं पांढरं. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवाच, म्हणजे वाटेत कुठे घाण मिसळली तर तो तिला पुरून उरतो. आमच्याकडे तो पोचतच नव्हता. एच टू एसची बाटलीही भरून फडताळात ठेवली. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर ती काळी पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर शाईसारखी काळी.

पाणी सोडणाऱ्या अण्णांना विचारलं, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती टाकता? त्यांनी ओंजळ करून दाखवली. पोतं खोलीच्या कोपऱ्यात, तोंड उघडं, पावसाची ओल लागून गठ्ठे झालेले. उघड्यावर राहिली की पावडरीतला क्लोरीन उडून जातो, उरतो तो नुसता चुना. दोष अण्णांना द्यावासा वाटला नाही. त्यांना कुणी वजनकाटाही दिला नव्हता. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे आमच्या पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो, हा हिशेब मी त्यांना खोलीच्या भिंतीवर खडूने लिहून दिला.

ग्रामपंचायतीतले भाऊसाहेब म्हणाले, "पेटीतल्या तपासणीवर काही ठरत नाही, लॅबचा रिपोर्ट आणा." बरोबरच होतं त्यांचं. नमुने माणूस स्वतः नेऊ शकतो, नाममात्र फी भरून, हे मला तिथेच कळलं. तालुक्याच्या प्रयोगशाळेतून बाटल्या आणल्या. ज्यांना कुणाला हे करायचं असेल त्यांच्यासाठी जरा नीट सांगते, कारण पहिल्या खेपेला माझे नमुने परत पाठवले होते.

जंतू तपासायची बाटली निर्जंतुक केलेली असते. ती विसळायची नाही. आत थोडं औषध असतं, ते पाण्यातला क्लोरीन मारतं. तसं केलं नाही तर लॅबला पोचेपर्यंत क्लोरीन जंतूंना मारत राहील आणि रिपोर्ट खोटाच चांगला येईल. मी घरचं वळण म्हणून बाटली दोनदा खळबळून घेतली होती! रासायनिक तपासणीचा कॅन मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळायचा. तोटी पुसून ज्योतीवर भाजायची, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग भरायचं, वर थोडी जागा सोडून. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. औषधाच्या दुकानातून थर्माकोलचा डबा मागून घेतला आणि सकाळची पहिली एसटी धरली. नमुने तीन ठिकाणचे घेतले: विहीर, टाकी आणि आमच्या आळीतला शेवटचा नळ.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. टाकीच्या पाण्यात जंतू नाहीत, आमच्या नळाच्या पाण्यात ई-कोलाय. म्हणजे माणसाची किंवा जनावराची विष्ठा टाकी ते नळ या वाटेतच कुठेतरी मिसळत होती. वरची आळी का वाचली ते तेव्हा उमगलं. मी रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये ठेवायला लागले तर लॅबमधल्या मॅडम म्हणाल्या, "दुसरं पान बघितलंत का?"

दुसऱ्या पानावर नायट्रेट ७१ होतं. तिन्ही ठिकाणी जवळपास तेवढंच. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि तिला कसलीही सूट नाही. मॅडमनी विचारलं, घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे का. मी म्हटलं, आहे, आणि पाणी वीस मिनिटं उकळून देते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी समजावलं: उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाण्याची वाफ होऊन जाते आणि नायट्रेट खाली उरतं, म्हणजे जितकं जास्त उकळू तितकं ते दाट. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. घरी आल्याआल्या आधी बाळाची नखं बघितली. गुलाबी होती. तरी त्याच संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून आणलं. बाळ ठीक होतं.

म्हणजे आमच्या पाण्यात दोष दोन होते आणि एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नव्हता. टीसीएल नायट्रेटचं काही करत नाही. आणि फुटलेली पाइप तशीच ठेवून टीसीएल कितीही वाढवलं तरी नुसता वास वाढतो. पण ग्रामपंचायतीत कुणालाही विचारा, दोन्हीवर उत्तर एकच: टीसीएल वाढवतो, तुम्ही उकळून प्या.

बाळाचा प्रश्न थांबण्यासारखा नव्हता. पेटीत नायट्रेटचीही तपासणी असते, औषध टाकल्यावर येणारा गुलाबी रंग तक्त्याशी ताडून बघायचा. दोन दिवसांत गावातली सहा ठिकाणं तपासली. उसाच्या पट्ट्यातल्या सगळ्या बोअरला गडद गुलाबी आला. माळावरच्या बोअरला अगदी फिकट. लॅबमधून खात्री केली, नायट्रेट २२. तिथून रोज एक कळशी माझा मुलगा सायकलवरून आणायचा. ते पाणी एकदाच उकळी आणून उतरवायचं, एवढंच.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी रिपोर्ट वाचून दाखवला. गलका झाला. पण २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची, म्हणजे हातापायांतली ताकद जाते त्या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली होती, आमच्या गावची कितीतरी पोरं त्या भागात राहतात, त्यामुळे पाण्यातून काय होऊ शकतं हे कुणाला पटवावं लागलं नाही. पैसे नाहीत असं म्हटलं गेलं तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो, हे सरपंचताईंनीच उठून सांगितलं. खरी वादावादी झाली ती टिल्लू मोटारींवरून. नळाला मोटार लावली की पाइपात ओढ तयार होते आणि जिथे जोड सैल असेल तिथून गटारीचं पाणी आत येतं. पाणी बंद झाल्यावरही तेच होतं. आमच्या घरी टिल्लू होती. आदल्या रात्री मी ती सोडवून ठेवली होती, म्हणून बोलू शकले.

ऑगस्टच्या अखेरीस आमच्या कोपऱ्यावर गटारीची फरशी उचलली. खाली पाइपेच्या जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळून सुतळीने बांधलेली होती. ट्यूब कुजून तिच्या चिरा पडलेल्या आणि चारी बाजूंनी काळं पाणी. बायका पदर नाकाला लावून बघत होत्या. एक आजी म्हणाल्या, "हे पित होतो व्हय गं आपण?" कुणी काही बोललं नाही.

नवी पाइप गटारीपासून लांबून, वरून टाकली. खड्ड्यातले सात नळ वर घेतले. विहिरीला लागून असलेला उकिरडा हलवला. तो ज्यांचा होता ते तात्या आधी रागावले आणि मग स्वतःच ट्रॅक्टर घेऊन आले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या नळाच्या नळीत ओटी टाकलं आणि पिवळा रंग चढला. अण्णा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी नळी हातात घेऊन उजेडाकडे धरली, बराच वेळ. पुढच्या रिपोर्टात ई-कोलाय नव्हता.

नायट्रेट मात्र ६८. ते उकिरड्यातून आलं, आणि वर्षानुवर्षं उसाला टाकलेल्या युरियातूनही आलं. जमिनीत मुरलेलं ते एका पावसाळ्यात निघत नाही. युरिया कमी करा म्हटलं की लोक विचारतात, टनेज पडलं तर भरून कोण देणार? माझ्याकडे त्याला उत्तर नाही. माळावरच्या बोअरवरून गावात पाइप आणायचं काम आराखड्यात घेतलंय, अंदाजपत्रक तालुक्याला गेलंय. तोवर त्या बोअरला तोटी बसवलीय, आणि टाकीच्या भिंतीवर आशाताईंनी निळ्या रंगात लिहून घेतलंय: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधासाठी हे पाणी वापरू नये, माळावरचं आणावं. आमच्या आळीत सध्या दोघी गरोदर आहेत. दोघींच्या घरी मी जाऊन सांगून आले.