ब्लॅकबेरीची जाळी अजून का ठेवली आहे : बँडिकूटच्या पट्ट्याची नोंद

यंदाच्या हिवाळ्यातली लागवड आटोपली. मेलबर्नच्या आग्नेयेला, कूवीरपच्या बाजूला, एका शेतकऱ्याने नाल्याकाठची पट्टी आमच्या गटाला झाडोऱ्यासाठी दिली आहे. तिथे सदर्न ब्राउन बँडिकूटसाठी आडोसा तयार करायचा आहे. नव्या मंडळींसाठी सांगतो: हा पोटाला पिशवी असलेला प्राणी, वजन साधारण किलोच्या आसपास, आपल्याकडच्या घुशीशी नातं काही नाही. पिशवीचं तोंड मागच्या बाजूला, म्हणजे उकरताना पिल्लांच्या अंगावर माती जात नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय यादीत तो संकटग्रस्त आहे.

गेल्या नोंदीवर बऱ्याच जणांनी एकच विचारलं होतं: ब्लॅकबेरीचं काटेरी झुडूप इथे घोषित तण आहे, मग तुमच्या पट्टीत ती अजून उभी कशी?

कूवीरपची दलदल एके काळी सुमारे ४०,००० हेक्टर होती. १९व्या शतकाच्या अखेरीस मोठाले चर खणून तिचं पाणी वेस्टर्न पोर्टच्या खाडीत सोडलं आणि जमीन शेतीला घेतली. स्वॅम्प पेपरबार्कची दाट रानं गेली. आज तिथे बटाटा, ॲस्परॅगस आणि गुरं आहेत. बँडिकूट तगले ते चरांच्या काठी आणि रस्त्याकडेच्या झाडोऱ्यात, आणि त्या झाडोऱ्यात बऱ्याच ठिकाणी ब्लॅकबेरीच माजलेली आहे. करवंदीच्या जाळीसारखी ती आत शिरू देत नाही; कोल्ह्याला नाही, मांजरालाही नाही. ती एका फटक्यात साफ केली तर तण जाईल आणि बँडिकूटही जाईल. असं झालेलं मी एका बांधावर पाहिलं आहे. हेतू चांगला होता, पण पुढच्या उन्हाळ्यात तिथे बँडिकूटने उकरलेला एकही नवा खड्डा दिसला नाही.

म्हणून आमचा क्रम ठरला आहे. आधी जाळीला लागून स्थानिक झुडपं लावायची, ती दाटू द्यायची, मग जाळीची कड थोडी थोडी मागे न्यायची. बँडिकूटला उंच झाडांचं फारसं पडलेलं नसतं. त्याला जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंतची गच्च पालवी हवी. त्यामुळे आम्ही रोपं मुद्दाम जवळजवळ लावतो. बागकामाची सवय असलेल्यांना ते दाटीवाटीचं वाटतं, पण इथे दाटीच हवी आहे.

रोपांचं म्हणाल तर प्रिकली मोझेस या काटेरी झुडपाचं बी यंदा छान उगवलं. उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजवायचं; फुगलेलं बी लगेच पेरायचं, न फुगलेल्यावर पुन्हा पाणी. प्रिकली टी-ट्रीची बोंडं कागदी पिशवीत ठेवली की आपोआप उघडतात. बी धुळीसारखं बारीक असतं. वरून पाणी घातलं तर वाहून जातं, म्हणून कुंडी पाण्याच्या ताटात ठेवायची आणि ओल खालून वर चढू द्यायची. स्वॅम्प पेपरबार्कलाही हीच पद्धत. लोमांड्रा, म्हणजे गवतासारखा गड्ड्याने वाढणारा, सावकाश येतो, पण एकदा धरला की हलत नाही, आणि त्याच्या बुंध्याशी पानांची जी गर्दी होते तिला तोड नाही. सगळं बी खाजगी जमिनीवरून, मालकाच्या परवानगीने घेतलेलं आहे. सार्वजनिक रानातून परवान्याशिवाय घ्यायचं नाही, हे पुन्हा सांगतो.

बूट मात्र प्रत्येक वेळी घासून, जंतुनाशक फवारून मगच आत. चिखलातून फायटॉफ्थोरा, म्हणजे मुळं कुजवणारा रोगजंतू, आला तर ग्रास-ट्रीसकट कितीतरी झाडं मुळातून मरतात.

आता आनंदाची बातमी. तीन वर्षांपूर्वीच्या लागवडीत, जाळीपासून चार-पाच पावलांवर, शंकूच्या आकाराचे खड्डे सापडले. सशाचं उकरणं पसरट असतं, माती एका बाजूला फेकलेली असते, जवळ लेंड्या असतात. हे खड्डे अरुंद आणि खोल, नाक खुपसल्यासारखे. कॅमेऱ्यात आधी दिसले ते स्वॅम्प रॅट आणि एक कोल्हा. मग एका पहाटे लोमांड्राच्या दोन गड्ड्यांमधून बँडिकूट गेला. अंधूक चित्र आहे, पण लांब नाक आणि आखूड शेपटी स्पष्ट आहे. मला फार समाधान वाटलं.

त्या खड्ड्यांचं मोलही मोठं आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातला याचा भाऊबंद क्वेंडा एकटा वर्षाला सुमारे ३.९ टन माती उलथतो, असं संशोधकांनी मोजलं आहे. पाणी मुरतं, पालापाचोळा मातीत जातो, आणि जमिनीखालची बुरशी खाल्ल्यामुळे तिचे बीजाणू विष्ठेतून पसरतात. आपण लावलेल्या रोपांना हा असा परत हातभार लागतो.

व्हिक्टोरियात ईस्टर्न बार्ड बँडिकूटला २०२१मध्ये ‘वन्य स्थितीत नामशेष’ या वर्गातून बाहेर काढलं, तेही कुंपणाआड आणि कोल्हे नसलेल्या बेटांवर वाढवून. फार मोठं काम आहे ते. पण आमच्या बँडिकूटला उघड्यावर, शेतं आणि नव्या वसाहतींच्या मधोमध जगायचं आहे. ऑफिसर, क्लाइड, पॅकनम या जवळच्या उपनगरांकडे आपली मराठी कुटुंबंही बरीच आहेत. त्यांना कळकळीची विनंती: मांजर घरात ठेवा, आणि उंदरांसाठी विषारी गोळ्या टाकू नका.

या उन्हाळ्यात जाळीची पहिली कड काढणार आहोत, जिथे नवी झुडपं कमरेएवढी झाली आहेत तेवढीच. फांद्या कापून बुंध्याला लगेच तणनाशक लावायचं, यंत्र फिरवायचं नाही. घानिया राडुला हा गवतासारखा लव्हाळा मला अजून बियांपासून जमलेला नाही. गड्डे फोडूनच वाढवतो आहे. कोणाला बी उगवून मिळालं असेल तर पेरणीचा महिना आणि मातीचं मिश्रण जरूर कळवा.