पुष्पकचा डावा पंख

त्या दिवशी फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये पुष्पकचा डावा पंख दोन लाकडी घोड्यांवर उताणा ठेवलेला होता आणि मी त्याच्या खालच्या बाजूचे कापड कडेने कापून सोलून काढत होतो. डोपचे, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या रोगणाचे, थर चढून कडक झालेले ते जुने कापड कोरड्या चामड्यासारखे करकरत निघत होते. रविवारी विमान उडायला हवे, असे कॅप्टनसाहेबांनी सकाळीच बजावले होते.

पुष्पक हे हलके विमान हिंदुस्तान एअरक्राफ्टने, म्हणजे आजच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, बंगळुरूत बांधले आणि त्याचे पहिले उड्डाण १९५८ साली झाले, हे आमच्या धंद्यातल्या बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याचे घराणे अमेरिकेतल्या ओहायोचे. सिनसिनाटी शहरात १९२८ साली स्थापन झालेल्या एरॉन्का नावाच्या लहानशा कंपनीने, जाँ रोशे या अभियंत्याच्या आराखड्यावरून, सी-२ नावाचे एका माणसापुरते हलके विमान विकायला काढले. त्याचे रूप असे होते की लोक त्याला ‘उडता बाथटब’ म्हणत. १९३७ साली ओहायो नदीच्या पुरात लंकन विमानतळ बुडाला, त्याबरोबर कारखान्याचीही दैना झाली आणि पुढे कंपनी मिडलटाउनला गेली. महायुद्ध संपताच चॅम्प आणि चीफ ही तिची दोन विमाने हातोहात खपली. चॅम्पमध्ये एकामागे एक बसायचे, चीफमध्ये शेजारी शेजारी. पण ती तेजी टिकली नाही आणि १९५१ साली एरॉन्काने हलकी विमाने बांधणे थांबवले. कंपनी मात्र बुडाली नाही, इतरांच्या विमानांचे भाग बनवत राहिली. तिच्या सुपर चीफच्या धाटणीवर आपले पुष्पक बेतले गेले, ९० अश्वशक्तीचे इंजिन लावून. आणि शिक्षकाने विद्यार्थ्याच्या शेजारी बसायची ती सोय आपल्या क्लबांना चांगलीच मानवली.

म्हणूनच पंख उघडला की आत तीच जुनी रचना दिसते : स्प्रूस लाकडाचे दोन स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळया, त्यांवर आडव्या बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, आणि वरून ताणलेले कापड. या बांधणीत लपवाछपवीला जागा फक्त कापडाखाली असते.

मी टॉर्च स्पारला जवळजवळ टेकवून तिरपी धरली. समोरून पाडलेल्या उजेडात लाकडातल्या बारीक भेगा दिसत नाहीत, बाजूने सरकवलेल्या उजेडात मात्र लाकडावरचा ओरखडासुद्धा सावली टाकतो. पुढच्या स्पारवर, पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरप्या दांडीच्या, म्हणजे स्ट्रटच्या, जोडापाशी असलेली प्लायवूडची पट्टी जिथे संपते तिथे, केसाएवढी एक रेघ होती. व्हार्निश पुसून, भिंग लावून पाहिले. रेघ तशीच राहिली.

कॅप्टनसाहेब वाकून पाहत म्हणाले, “अहो, लाकडाची रेषा असेल ती. इतकी वर्षं उडतंय की!”

“साहेब, लाकडाची रेषा लांबीने जाते. ही आडवी आहे.”

उतरताना विमान गरकन फिरून पंखाचे टोक जमिनीवर आपटले की स्पार क्षणभर वाकतो, दाबाच्या बाजूचे तंतू चुरडतात आणि तो पुन्हा सरळ झाला की वरून काहीच दिसत नाही. जोर मात्र गेलेला असतो. मी लॉगबुक मागे मागे चाळत गेलो. बऱ्याच वर्षांपूर्वीची एक नोंद सापडली : टोकाची दुरुस्ती केली, कापड बदलले. स्पार तपासल्याचा उल्लेख नव्हता. ज्याने ते लिहिले त्याच्यावर राग आला हे खरे, पण त्यालाही कुणीतरी रविवारची घाई लावली असेलच.

अशी भेग सांधून चालत नाही, तो स्पार बदलावाच लागतो, आणि तसे निर्दोष स्प्रूस मिळवायला किती महिने जातील ते मी साहेबांना सांगितले नाही. फक्त टॉर्च त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती स्वतः तिरपी धरली, रेघेवरून अंगठ्याचे नख एकदा फिरवले, मग कचेरीत जाऊन फळ्यावरची रविवारची पाचही नावे पुसून टाकली.